एक ओळ रिकामी

काही माणसांना दुकानात छत्री घ्यायला पाठवलं तर ती छत्र्यांची माहिती घेऊन परत येतात आणि पाऊस लागून भिजतात. तक्तेमास्तर त्यातले. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नाही. बिलांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका लहान कंपनीत ते कामाला होते आणि कुठलीही गोष्ट घ्यायची म्हटली की आधी तिचा तक्ता करायचे: डावीकडे गुण, वर नावं, खाली बेरीज. ऑफिसातल्या पंख्यापासून स्वतःच्या बुटांपर्यंत सगळ्यांचे तक्ते झाले होते. लग्नाच्या स्थळांचाही एक झाला होता म्हणतात. तो पूर्ण होईपर्यंत त्यातल्या सगळ्या मुली आपापल्या घरी नांदायला गेल्या, आणि मास्तर चाळिशीला आले तरी वडिलांबरोबर दोन खोल्यांत राहत होते.

वडील म्हणजे अगदी उलट टोक. बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. 'लक्ष द्या' म्हणाले की पोरं रडायची थांबायची. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरात आला. सकाळी दूध तापल्याची घोषणा, संध्याकाळी मुलगा आल्याची घोषणा. मधल्या वेळात शेजाऱ्यांच्या भानगडी, त्यांच्या नकला, आणि गाडी कधी आहे असं उगाच विचारणाऱ्या प्रवाशांना दिलेली उत्तरं. मास्तर ऐकत आणि जेवत. आपल्याला बोलता येत नाही याची त्यांना कधी अडचण वाटली नाही, कारण दोघांच्या वाट्याचं बोलणं एकटे बाबाच उरकत होते.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला, आवाज गेला. घरात बोलणारा एकच माणूस होता आणि नेमका त्याचाच आवाज गेला. त्यानंतर त्या दोन खोल्यांत संध्याकाळी जी शांतता बसायची तिचं वर्णन करायला मला आवडणार नाही. चमचा ताटाला लागला तरी दोघं दचकायचे.

मोठी बहीण दुसऱ्या गावी दिलेली. तिनं एक पाटी आणि खडूचा डबा पाठवून दिला. बाबा पाटीवर लिहायचे, पण त्यांचं सगळं कसब होतं ते वेळेवर बोलण्यात. समोरच्यानं काही म्हणावं आणि त्याचं वाक्य खाली पडायच्या आत यांनी टोला हाणावा. पाटीवर तो टोला उमटेपर्यंत माणसं पुढच्या विषयावर गेलेली असत. शिवाय हात कापायचा. लिहिलेलं वाचायला लोक मान वाकडी करत, 'काय लिहिलंय?' असं एकमेकांना विचारत, आणि विनोद जागच्या जागी मरायचा. हळूहळू बाबांनी पाटीवर फक्त गरजेपुरतं लिहायला सुरुवात केली, आणि मग तेही कमी केलं.

दर रविवारी ताईचा फोन यायचा. बाबा रिसीव्हर कानाला लावून तिचं ऐकत आणि त्यावर नखानं टकटक करत. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एका रविवारी ती मास्तरांना म्हणाली, "अरे, ते हातात मावणारे कॉम्प्युटर निघालेत ना? त्यावर बाबांसाठी काहीतरी कर की. बोट लावलं की वाक्य दिसेल असं. तुला येतं ना ते?"

"येईल," मास्तर म्हणाले. "बघावं लागेल कुठलं घ्यायचं ते."

"बघ. पण तक्ता करत बसू नकोस."

हे मास्तरांना सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणून सांगणं.

त्या काळात हातात मावणारी यंत्रं तीन जातींची मिळत होती. पहिलं काळं-पांढरं, काडीसारख्या लेखणीनं टोचून चालवायचं, दोन बारक्या सेलवर महिनाभर चालणारं. दुसरं रंगीत, दिमाखदार, रोज चार्ज करावं लागणारं. तिसऱ्याला बोटभर कीबोर्ड होता, आणि त्याचे चाहते थोडे पण कडवे होते. यंत्राची किंमत ही तर नुसती सुरुवात. त्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा तर हत्यारं लागतात, म्हणजे लिहिलेलं यंत्राला समजेल अशा भाषेत उतरवणारी साधनं, आणि खरी मेख तिथे होती. दुसऱ्याची साधनं विकत घ्यायची तर मास्तरांचे दोन पगार जाणार होते, वर ती पेलणारा नवा कॉम्प्युटर लागणार तो वेगळाच. तिसऱ्याची साधनं फुकट, पण माहितीची पुस्तकं हवी असतील तर सभासद व्हा आणि दरवर्षी वर्गणी भरा. यंत्रही सगळ्यांत महाग. पहिल्याची दोन प्रकारची: एक कंपनीची, खोक्यात बंद, महागडी, दुसरी हौशी लोकांनी मिळून केलेली, पूर्ण फुकट, पण अडलात तर तुमचं तुम्ही बघा. आणि आपली अक्षरं पहिल्या यंत्राला अजिबात येत नव्हती. ती ठिपक्या-ठिपक्यानं काढून द्यावी लागणार होती.

मास्तरांनी तक्ता केला. बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि पाटी ओढली.

'तीन स्थळं बघून झाली. आता एक पसंत कर.'

मास्तर हसले आणि तक्त्यात आणखी चार ओळी वाढवल्या. स्क्रीन उन्हात दिसते का, लेखणी हरवली तर नवी मिळते का, कंपनी पाच वर्षांनी असेल का. तक्ता इतका चांगला झाला की कॉम्प्युटरच्या एका मासिकानं तो लेखासकट छापला. वाचकांची पत्रं आली. साधनांच्या खर्चाचा एवढा बारकाईनं विचार आजवर कुणी केला नव्हता असं एकानं कळवलं. मास्तरांनी मासिक बाबांसमोर ठेवलं. बाबांनी लेख वाचला, फोटो का नाही असं बोटानं विचारलं, आणि मग पाटीवर लिहिलं.

'छान आहे. आता मला बोलता येईल?'

यात टोमणा नव्हता. बाबा खरंच विचारत होते, आणि म्हणूनच ते मास्तरांना लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी पहिलं यंत्र पसंत केलं आणि फुकटच्या साधनांवर काम सुरू केलं.

यंत्र मात्र लगेच घेतलं नाही. कशाला घ्यायचं? त्या हौशी मंडळींनी यंत्राचं एक सोंगही फुकट दिलं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हुबेहूब तेच यंत्र दिसायचं, माऊसनं टोचलं की खऱ्यासारखं वागायचं. याला एम्युलेटर म्हणतात. या धंद्यातली निम्मी माणसं या सोंगावर लिहितात, सोंगावर तपासतात, आणि खरं यंत्र शेवटी बघतात. मास्तर रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी बसून अक्षरं काढत. क ची कमान, ह चं शेपूट, वेलांटी कुठे टेकवायची, जोडाक्षरात अर्धा स किती अर्धा. त्या सकाळी ते सुखात होते हे कबूल केलं पाहिजे. पलीकडच्या खोलीत बाबा खुर्चीत बसलेले असत, आणि दोघांच्या मध्ये उघडं दार असे.

प्रोग्रॅम झाला, खरं यंत्र आलं. मास्तरांनी त्यात वाक्यं भरून दिली होती. पाणी हवं. दुखतंय. पंखा बंद कर. जेवायला वाढ. डॉक्टरांना बोलाव. बोट लावलं की वाक्य मोठ्या अक्षरांत पडदाभर दिसायचं. बाबांनी एकेक वाक्य लावून बघितलं, शेवटपर्यंत गेले आणि पाटीवर लिहिलं: 'हा माणूस नुसता मागतोच का?'

"खाली 'नवं वाक्य' म्हणून आहे," मास्तर म्हणाले. "तिथे तुमचं तुम्ही भरू शकता."

त्यांच्या तोंडून निघालेलं त्या महिन्यातलं ते सगळ्यांत उपयोगी बोलणं.

बाबा कामाला लागले. एकेक अक्षर टोचून सकाळभर वाक्यं रचायची, आणि दुपारी यंत्र खिशात टाकून खाली घड्याळवाल्याच्या दुकानात जायचं. हा घड्याळवाला त्यांचा जुना दोस्त. डोळ्याला भिंग लावून बसलेला, एका माणसाला उभं राहायला जेमतेम जागा असलेलं दुकान. बाबांना आता कळलं होतं की लोक काय बोलणार ते बहुतेक आधीच माहीत असतं. तेव्हा उत्तर तयार ठेवायचं, खिशातून यंत्र काढायचं, आणि नेमक्या क्षणी बोट लावून समोर धरायचं. वेळ पुन्हा त्यांच्या ताब्यात आली.

मास्तर एकदा ऑफिसातून लवकर आले तर दुकानासमोर चारपाच माणसं जमलेली. मध्ये बाबा, हात उंच, हातात यंत्र. घड्याळवाला डोळे पुसत होता. बाबा हसत होते, म्हणजे त्यांचे खांदे हलत होते, आवाजाशिवाय. मास्तर रस्त्याच्या पलीकडेच थांबले. त्यांना आनंद झाला, आणि लगेच वाईटही वाटलं. कारण संध्याकाळी घरी आल्यावर बाबा दमलेले असत, आणि यंत्र काढून त्यांना जे दाखवत ते एवढंच: जेवायला वाढ.

"काय लिहिलंत आज?" असं विचारायला काय हरकत होती? काहीच नव्हती. एक बटण दाबलं असतं तर सगळी वाक्यं त्यांना वाचताही आली असती, प्रोग्रॅम त्यांचाच. पण दुसऱ्याची वाक्यं न विचारता उघडणं त्यांना बरं वाटेना, आणि विचारणं जमेना. बाबा दाखवतील तेव्हा बघू, असं त्यांनी ठरवलं. समोरून बाबाही बहुधा तेच ठरवून बसले होते. एकाच ताटलीतल्या शेवटच्या घासासाठी दोघांनी एकमेकांची वाट बघावी आणि तो घास वाळून जावा, तसं चाललं होतं.

आणि मग सेल संपत आले. यंत्राच्या कोपऱ्यात बारीकसं चित्र लुकलुकायला लागलं. बाबांना यात अडचण वाटण्याचं कारण नव्हतं. सेल बदलणारा माणूस त्यांचा मित्र होता. ते खाली गेले. घड्याळवाल्यानं पाठीमागचं झाकण काढलं, दोन्ही सेल काढून बाजूला ठेवले, आणि तसल्या मापाचे नवे शोधायला खण उघडले. मिळेनात. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. मग सेल सापडले, लावले, यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर नवीन यंत्र घेतल्यावर जो मजकूर येतो तो आला.

त्या यंत्राला भरलेलं जपून ठेवायला दुसरी जागाच नव्हती. सगळं स्मरण सेलच्या जिवावर. सेल काढल्यावर मिनिटभर ते कसंबसं तग धरायचं, तेवढ्यात नवे लागले तर लागले. हे यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. पण मास्तर वाढले सोंगावर, आणि सोंगाला सेल नसतात. ते बंद करा, आठवड्यानं उघडा, सगळं जागच्या जागी. साधनांच्या किमतीपासून लेखणीपर्यंत सगळ्याच्या ओळी तक्त्यात होत्या. सेल संपल्यावर काय उरतं, ही ओळ नव्हती. वाक्यांची प्रत कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोय करायला त्यांना एक रविवार पुरला असता. ते सुचलंच नाही.

संध्याकाळी घड्याळवाला स्वतः वर आला. "घड्याळाचा सेल काढला तर घड्याळ थांबतं रे, लावला की चालतं," तो म्हणाला. "आतलं पुसलं जातं हे मला काय ठाऊक. मला कालपर्यंत दाखवलेलं सगळं..." तो दारातच उभा राहिला.

"तुमची नाही, माझी चूक आहे, काका," मास्तर म्हणाले.

प्रोग्रॅम परत घालायला चहा गार व्हायलाही लागला नसेल एवढाच वेळ लागला. मास्तरांनी भरलेली वाक्यं सगळी जशीच्या तशी परत आली. पाणी हवं. दुखतंय. पंखा बंद कर. बाबांनी ती शेवटपर्यंत पाहिली, यंत्र टेबलावर पालथं ठेवलं, आणि खुर्चीत जाऊन बसले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं. नंतरच्या रविवारी ताईच्या फोनवर त्यांनी एकदाही टकटक केलं नाही, आणि ती "बाबा? बाबा?" करत राहिली.

मग मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट तक्ता न करता केली. ते खाली घड्याळवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "काका, बाबांची वाक्यं तुम्हाला आठवतात का?"

"आठवतात का म्हणजे?" घड्याळवाल्यानं भिंग काढलं. "हे घे. मी गप्प बसलो की दाखवायचे: 'आज गप्प का? गप्प बसायचं काम माझं आहे.' औषधाच्या दुकानात: 'गोळी मोठी आहे आणि गळा आता दुरुस्तीत लहान झालाय.' गर्दीतून जाताना: 'लक्ष द्या. मी येतोय. वाट सोडा.' आणि हे माझं आवडतं: 'तुमच्या दुकानात इतकी घड्याळं, पण एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.' मी हसलो की दुसरं लावायचे: 'आमच्या घरात दोघंच. आमचं पटतं. पण दोन्ही बंद आहेत.'"

मास्तरांनी तेही कागदावर उतरवून घेतलं.

"तुझ्याबद्दल विचारलं की ठरलेलं," घड्याळवाला जरा थांबून म्हणाला, "'तो अजून तुलना करतोय.' मायेनं रे. मायेनं दाखवायचे."

मास्तर औषधाच्या दुकानात गेले, दवाखान्यातल्या नर्सला भेटले, वाण्याला विचारलं. कुणाकडे दोन वाक्यं निघाली, कुणाकडे पाच. ज्या माणसाला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे जिवावर यायचं, तो दारोदार फिरून बापाचे विनोद गोळा करत होता. घरी येऊन ते टेबलाशी बसले आणि पलीकडच्या खोलीकडे न बघता म्हणाले, "बाबा, मी वाचतो. चुकलं तर सांगा."

आणि वाचायला लागले. आधी यादी वाचावी तसं सपाट. बाबांनी मान हलवली: असं नाही. हातानं दाखवलं: इथे थांब. मग उडव. मास्तर थांबले, मग उडवलं. 'लक्ष द्या' त्यांनी तीनदा म्हटलं तेव्हा कुठे पास झालं. बाबा खुर्ची ओढून जवळ आले होते. त्यांचे खांदे हलत होते. त्या घरात एवढा आवाज ऑपरेशननंतर पहिल्यांदाच होत होता आणि तो मास्तरांचा होता. त्यांना स्वतःला तो ओळखू येत नव्हता.

सगळी वाक्यं संपली. मास्तरांनी विचारलं, "झाली ना सगळी?"

बाबांनी एक बोट वर केलं.

"एक राहिलं? कुणाला दाखवायचं होतं? वाण्याला?"

दोन टकटक. नाही.

"नर्सला?"

नाही. बाबांनी तेच बोट मास्तरांच्या छातीवर टेकवलं.

मास्तरांनी हातातला कागद खाली ठेवला. "मला? काय होतं?"

बाबांनी पाटी घेतली. खडू हातात धरून बराच वेळ बसले. मग लिहिलं.

'ती गाडी गेली.'

"पुढची कधी आहे?" मास्तरांनी विचारलं. बाबांशी इतक्या वर्षांत त्यांनी केलेली ही पहिली थट्टा, आणि तीही हसत हसत केलेली नव्हती.

बाबांनी पाटी पुसली. स्टँडवर लोक वैतागून माइकपाशी येत तेव्हा त्यांना जे उत्तर मिळायचं, तेच त्यांनी लिहिलं: 'चौकशीच्या खिडकीवर विचारा.' खांदे हलले, आणि विषय संपला असं मास्तरांना वाटलं.

यंत्रात त्या वाक्यासाठी त्यांनी एक ओळ रिकामी ठेवली. बाबा पुन्हा खिशात यंत्र टाकून खाली जायला लागले. आता रोजची प्रत कॉम्प्युटरवर उतरत होती. ते वाक्य पुन्हा विचारायचं मास्तरांच्या मनात रोज यायचं. रविवारी विचारावं की ताई येईल तेव्हा? सरळ विचारावं की आडून? जेवताना नको, घास अडकायचा. दुपारी नको, ते दुकानात असतात. मनातल्या मनात त्याचाही तक्ता झाला. त्याची बेरीज व्हायच्या आत पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी बाबा खुर्चीतच गेले. यंत्र खिशात होतं, चालू होतं. ती ओळ रिकामीच होती.

हल्ली तसली यंत्रं कुणी करत नाही. ज्या तीन जातींचा तक्ता छापून आला होता त्या तिन्ही बुडाल्या, साधनं फुकट असोत की महाग. मास्तर आता निवृत्त झालेत आणि त्याच दोन खोल्यांत राहतात. यंत्रातल्या सगळ्याची प्रत त्यांच्याकडे आहे. ते बंद पडू दिलं तरी काही हरवणार नाही. पण सेल संपत आले की ते खिडकीपाशी बसतात, नवे सेल उघडून शेजारी मांडून ठेवतात, आणि जुने काढून मिनिटाच्या आत नवे लावतात. मग रिकामी ओळ उघडून मोठ्यानं विचारतात, "बाबा, काय होतं ते?" आता त्यांना नीट विचारता येतं. 'बाबा' नंतर थांबायचं असतं, तेवढं ते थांबतात.